गवंड्याशी भांडण नको, कागद हवा

आपल्या समाजातला माणूस आयुष्यात घर एकदाच बांधतो. बापाच्या काळात कुडाचे होते, आपल्या काळात विटांचे झाले, एवढाच काय तो दोन पिढ्यांचा प्रवास. त्यासाठी कोणी मुकादमाची उचल घेतलेली असते, कोणी बायकोच्या अंगावरचे मणी मोडलेले असतात, कोणी घरकुलाच्या हप्त्याची वाट पाहत दोन पावसाळे पालाखाली काढलेले असतात. आणि मग घर उभे राहते, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर लागते, वास्तूत बुद्धवंदना होते. मृगाचा पहिला पाऊस येतो आणि स्लॅबमधून टपटप सुरू होते. भिंतीला भेग पडते. फरशी पोकळ वाजू लागते. पैसा तर गेलेला असतो. गवंडी म्हणतो, "सिमेंट तुमचंच होतं."

नेकनूर, मांजरसुंबा, केजकडच्या खेड्यापाड्यांतून फिरताना अशी घरे जागोजाग दिसतात. घरधनी कपाळाला हात लावतो, नाहीतर चारचौघांत गवंड्याच्या अंगावर धावून जातो. दोन्हींनी स्लॅबचे गळणे थांबत नाही. म्हणून बिघडलेल्या कामाचे काय करायचे, आणि त्याआधी काम बिघडू नये म्हणून काय करायचे, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने शांतपणे केला पाहिजे.

तोंडी व्यवहाराची किंमत

बिघाडाचे मूळ बहुतेक वेळा सिमेंटमध्ये नसते, व्यवहारात असते. गवंडी भावकीतला असतो, नाहीतर ओळखीचा. "मिस्त्री, तुम्ही घरचेच, तुमच्याशी काय लिहून घ्यायचं?" असे म्हणून आपण मोकळे होतो. किती फुटाचे काम, काय दराने, पायऱ्या धरल्या की नाही, गच्चीचे कठडे कोणी करायचे, यातले काहीच ठरत नाही. हजार-दोन हजार करत पैसे दिले जातात. शेवटी किती दिले हे मालकाला आठवत नाही आणि किती घेतले हे गवंड्याला आठवत नाही.

ज्या समाजाच्या बापाने देशाची घटना लिहिण्यात आपले आयुष्य झिजवले, त्या समाजाला दोन खोल्यांच्या कामाचा एक कागद लिहायला संकोच वाटावा, ही खेदाची गोष्ट आहे. कागद म्हणजे अविश्वास नव्हे. कागदाने मालकाचे जेवढे रक्षण होते, तेवढेच गवंड्याचेही होते. काम झाल्यावर शेवटची रक्कम बुडवणारे मालक काही कमी नाहीत.

किल्लारीने शिकवलेला धडा

बांधकामाच्या चुकीची किंमत काय असते हे मराठवाड्याएवढे कोणाला ठाऊक आहे? ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे ८ हजार माणसे गेली. त्यातली बहुतेक आपल्याच घराखाली गाडली गेली. भिंती जाडजूड होत्या, पण गोट्यांच्या आणि मातीच्या. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या तोंडाला सांधणारा आरपार दगड घातलेला नव्हता. वर माळवदाचा मातीचा भार होता. हादरा बसताच भिंतीची दोन्ही तोंडे सुटली आणि माळवद खाली आले.

भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने मोठा पुनर्वसन कार्यक्रम झाला. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग वेगळाच आहे. लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण घरमालकांनी स्वतः करून घेतले. मदत टप्प्याटप्प्याने मिळत होती आणि कामावर लक्ष घरच्या माणसांनी ठेवायचे होते. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेमार्फत गावोगावच्या महिला संवाद सहायक म्हणून पुढे आल्या. ज्यांनी कधी ओळंबा हातात धरला नव्हता, त्या बाया गवंड्याला विचारू लागल्या की आरपार दगड कुठे आहे, आणि पाणी किती दिवस मारायचे.

यातून एक गोष्ट सिद्ध झाली. चांगले काम ओळखायला इंजिनिअरची पदवी लागत नाही. चार गोष्टी माहीत असाव्या लागतात आणि विचारायचे धाडस असावे लागते.

काम चालू असताना काय पाहावे

पहिली गोष्ट पाया. आपल्या भागात कुठे मुरमाड जमीन आहे, कुठे काळी. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर उथळ पाया घेतला तर भिंतीला तिरपी भेग ठरलेली. पाया मुरमापर्यंत गेला की नाही हे खड्डा उघडा असतानाच पाहावे, बुजवल्यावर नाही.

दुसरी गोष्ट वाळू. काचेच्या पारदर्शक ग्लासात अर्धी वाळू घ्यावी, पाणी घालून हलवावे आणि दोन-तीन तास ठेवून द्यावे. वाळूवर गाळाचा थर बसतो. तो वाळूच्या थराच्या दहाव्या हिश्श्याइतका दिसला, तर ती वाळू धुतल्याशिवाय वापरू देऊ नये.

तिसरी गोष्ट विटा. दोन विटा एकमेकींवर वाजवल्या तर खणखणीत आवाज आला पाहिजे. बांधण्यापूर्वी विटा पाण्यात भिजवल्या पाहिजेत. कोरडी वीट मालातले पाणी शोषून घेते आणि सांधा कच्चा राहतो.

चौथी गोष्ट स्लॅब. स्लॅबच्या काँक्रीटला साधारणपणे एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि तीन भाग खडी हे प्रमाण धरतात. फावड्याने अंदाजे नव्हे, घमेली किंवा फरमा मोजून. ५० किलोच्या गोणीला साधारण २५ ते २७ लिटर पाणी पुरते. माल सहज वाहावा म्हणून बिगारी वरून बादल्या ओततात, तेथेच स्लॅबचे बळ जाते. गज थेट सेंटरिंगच्या पत्र्यावर टेकलेले नसावेत. खाली सिमेंटचे ठोकळे घालून सुमारे २० मिलिमीटरचे अंतर ठेवावे, नाहीतर वर्षा-दोन वर्षांत गज गंजतात आणि छताचे पापुद्रे पडतात. गच्चीला पाण्याच्या नळाकडे उतार आहे की नाही, हे लेव्हल पाइपने तपासून घ्यावे.

पाचवी आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट पाणी मारणे. आपल्याकडे बांधकाम उन्हाळ्यात निघते, कारण ऊसतोडीवरून माणसे तेव्हाच परततात. आणि नेमके तेव्हाच पाणी नसते. प्यायला टँकर, तिथे स्लॅबला कोण पाणी देणार? पण साध्या सिमेंटच्या काँक्रीटलाही किमान ७ दिवस ओल लागते, आणि आज बाजारात सर्रास मिळणाऱ्या मिश्र सिमेंटला कोरड्या उन्हात १४ दिवस ओल ठेवावी असे बांधकामाचे भारतीय मानक सांगते. म्हणून काम काढण्यापूर्वी पाण्याचा हिशेब करावा. स्लॅबवर मातीची आळी करून पाणी साचवावे, कॉलमला गोणपाट गुंडाळून ओले ठेवावे. पाणी परवडत नसेल तर स्लॅब दिवाळीच्या आसपास टाकावा, पण कोरडा ठेवू नये.

एक लक्षात घ्या. पाणी मारायचे काम मालकाकडे असेल आणि मालकाने ते केले नाही, तर पुढे गवंड्याला दोष देता येत नाही. ते काम कोणाकडे, हेही कागदावर असले पाहिजे.

कागदावर काय असावे

आपल्या भागात काम देण्याच्या दोन रीती आहेत. एक हजेरीवर, म्हणजे गवंडी आणि बिगारी रोजाने लावायचे आणि मालकाने उभे राहून काम करून घ्यायचे. दुसरी गुत्त्याने, म्हणजे फुटावर किंवा ब्रासवर दर ठरवून काम अंगावर द्यायचे. हा फरक पुढे कायद्यातही महत्त्वाचा ठरतो, म्हणून तो आधी लिहावा.

साध्या कागदावर पुढील गोष्टी असल्या की पुरे. दोघांची पूर्ण नावे आणि गाव. कामाचे मोजमाप आणि दर. दरात काय धरले आणि काय धरले नाही. सिमेंट, गज, वाळू कोणी आणायची आणि ती पसंत कोणी करायची. पाणी कोणी मारायचे. काम केव्हापर्यंत पुरे करायचे. पैसे कोणत्या टप्प्याला किती द्यायचे. आणि शेवटी, एका पावसाळ्यात गळती किंवा भेग निघाली तर गवंड्याने मजुरी न घेता दुरुस्त करून द्यायचे. खाली दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या.

पैशाचे टप्पे फार महत्त्वाचे. घरकुलाच्या योजनेत सरकारसुद्धा एकदम रक्कम देत नाही. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठीची रमाई आवास योजना असो की प्रधानमंत्री आवास योजना, बांधकाम कुठवर आले हे पाहूनच पुढचा हप्ता सुटतो. घर बांधून घेण्याची जबाबदारी मात्र लाभार्थ्याची असते. सरकार जे शहाणपण आपल्याशी वापरते, तेच आपण गुत्तेदाराशी का वापरू नये? पाया, जोते, स्लॅब, गिलावा, फरशी असे टप्पे पाडावेत. साधारण दहावा हिस्सा रक्कम स्लॅबवर पाणी साचवून गळती नाही हे पाहिल्यावरच द्यावी.

जमाखर्चाची वही घरातल्या शिकलेल्या मुलीकडे किंवा सुनेकडे द्यावी. तारीख, रक्कम, कशापोटी आणि घेणाऱ्याची सही, एवढे चार रकाने. मी वाणिज्य शाखेचा आणि नोकरी कारकुनाची, म्हणून अनुभवाने सांगतो की दहा साक्षीदारांपेक्षा रोज लिहिलेली एक वही जास्त बोलते.

एका घराची गोष्ट

आमच्या भागातल्या एका कुटुंबाने दोन खोल्यांचे काम गुत्त्याने दिले आणि घरातली कर्ती माणसे कारखान्यावर गेली. मागे म्हातारी आई. परत आले तेव्हा स्लॅब पडलेला, गिलावा झालेला. पहिल्याच पावसात दोन्ही खोल्यांत पाणी. थोरला भाऊ तावातावाने गवंड्याच्या घरी निघाला होता. वस्तीतल्या जाणत्यांनी त्याला थांबवले आणि दोघांना विहारात बसवले.

एका इंजिनिअरला आणून स्लॅब दाखवला. उतार नव्हता, काही ठिकाणी गज उघडे पडले होते. गवंड्यानेही आपली बाजू मांडली. पाणी मारायला कोणी नव्हते, आणि सेंटरिंगचे भाडे वाढते म्हणून घाई करा असा निरोप घरूनच आला होता. दोन्ही बाजू कागदावर घेतल्या. ठरले असे की वरचे सामान मालकाने आणायचे आणि उताराचा थर व दुरुस्ती गवंड्याने मजुरी न घेता करायची. शेवटचे काही हजार रुपये द्यायचे राहिले होते. ते आळी करून पाणी साचवल्यावर, गळती थांबल्याचे पाहून दिले. दोन्ही घरे आज एकमेकांच्या मंगल परिणयाला जातात.

हा निवाडा कशामुळे झाला? मालकाच्या हातात थोडी रक्कम शिल्लक होती आणि तिसऱ्या जाणत्या माणसाने काम डोळ्यांनी पाहिले होते. सगळे पैसे देऊन बसलेल्याचे कोणी ऐकत नाही.

समझोता झाला नाही तर

समोरचा दाद देत नसेल तर क्रमाने पावले टाकावीत. आधी बिघाडाचे फोटो काढावेत. तारीख दिसेल असे पाहावे आणि गळती पाऊस चालू असतानाच टिपावी. दुसऱ्याकडून तोडफोड करून दुरुस्ती करण्यापूर्वी जाणकार इंजिनिअरकडून पाहणीचा लेखी अहवाल घ्यावा. एकदा फोडून टाकले की पुरावा गेला. मग काय बिघडले, काय करून हवे आणि किती दिवसांत, हे लिहून स्पीड पोस्टाने नोटीस पाठवावी आणि पोचल्याचा पुरावा जपून ठेवावा. शिवीगाळ, धमकी, गवंड्याची अवजारे अडकवून ठेवणे, हे काहीही करू नये. त्याने न्याय्य बाजू असूनही आपणच आरोपी होतो.

यापुढचा मार्ग ग्राहक कायद्याचा. १९८६ मध्ये पहिला ग्राहक संरक्षण कायदा झाला. १९९३ मध्ये, म्हणजे किल्लारीच्याच वर्षी, सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात घर बांधून देणे ही सेवा आहे आणि तिच्यातील उणिवेबद्दल ग्राहकाला दाद मागता येते असा निर्णय दिला. २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यातही गृहबांधणी सेवेच्या व्याख्येत आहे.

जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग असतो. आपल्यासाठी तो बीडला. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. वकील लावलाच पाहिजे असे नाही, स्वतः उभे राहता येते. आयोग उणीव दूर करायला, पैसे परत द्यायला आणि नुकसानभरपाई द्यायला सांगू शकतो. आदेश न पाळणाऱ्याला कैद किंवा दंड होऊ शकतो. तक्रार कशी करावी हे विचारण्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. कायद्यात तीन ते पाच महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, ही तयारी मनाशी ठेवावी.

येथेच हजेरी आणि गुत्ते यांतला फरक आडवा येतो. कायद्याने वैयक्तिक सेवेचा करार ग्राहक सेवेतून वगळला आहे. रोजाने माणूस लावून आपल्याच हुकुमाने काम करून घेतले असेल, तर तो माझा मालक होता, ग्राहक नव्हता, असा बचाव समोरचा घेऊ शकतो. काम गुत्त्याने दिले असेल तर आपली बाजू भक्कम असते. म्हणूनच तो कागद.

आणखी एक दार आपल्यासाठी उघडे आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला आहे. बीडच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करता येतो. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नसते.

गवंडीही आपलाच

हे सगळे लिहिताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. थापी धरणारा हातही बहुधा आपल्याच वस्तीतला असतो. गवंडीकाम शिकून आपल्या कितीतरी तरुणांनी गावकीची कामे सोडली आणि स्वाभिमानाची भाकर मिळवली. त्यांचा शत्रू म्हणून विचार करायचा नाही.

वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथाचे पठण आपण करतो. त्यात बाबासाहेबांनी गृहस्थांसाठीच्या विनयात मालक आणि सेवक यांची कर्तव्ये घेतली आहेत. तथागतांनी सिगाल नावाच्या गृहपतीच्या मुलाला ती सांगितली होती. मालकाने ताकद पाहून काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात पाहावे, वेळेवर सुट्टी द्यावी. काम करणाऱ्याने दिले तेवढेच घ्यावे आणि काम चांगले करावे. दोन्ही बाजूंना कर्तव्य आहे, एकट्यालाच नाही.

म्हणून मालकानेही दर पाडून काम देऊ नये. जो सर्वांत कमी दर सांगतो, तो कुठेतरी सिमेंटमध्ये नाहीतर दिवसांमध्ये ते भरून काढतो. गवंड्याच्या चुकीसाठी बिगारी बाईची हजेरी अडवू नये. तिने तर सांगितले तेवढे डोक्यावर वाहिले. आणि आपल्या गवंडी बांधवांनी महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी केली आहे का, हे त्यांना आवर्जून विचारावे. वय १८ ते ६० आणि वर्षात ९० दिवस बांधकामाचे काम, एवढी पात्रता असली की नोंदणी होते. मालकाने दिलेला कामाचा कागद तिथेही उपयोगी पडू शकतो.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी आपल्याला सनदशीर मार्ग धरायला सांगितले. ते सांगणे केवळ मोर्चे आणि निवडणुकांपुरते नव्हते. गळक्या स्लॅबचा न्यायही त्याच मार्गाने मागायचा असतो. ज्या विहार समित्यांना शक्य आहे, त्यांनी कराराचा एक साधा नमुना झेरॉक्स करून विहारात ठेवावा आणि वस्तीत कोणाचे जोते निघाले की तो घरी नेऊन द्यावा. येत्या उन्हाळ्यात घर काढणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने पहिली वीट आणण्याआधी एक वही आणावी.

जय भीम!